टाचदुखी: सकाळचं पहिलं पाऊल टेकवत नाही त्यांच्यासाठी

झोपेतून उठून पाय जमिनीवर ठेवला की टाचेत कळ येते. भिंतीला धरून चार पावलं लंगडत टाकली की ती हळूहळू निवते. दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर उठताना पुन्हा तीच गत. हे वर्णन तुमचं असेल तर तुम्हाला बहुधा प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्यातल्या प्लांटर फॅशिया नावाच्या पट्ट्याचं दुखणं, झालाय. साधारण दहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो, आणि त्यातही चाळिशी ते साठीत जास्त. जिवाला धोका काही नाही, पण दुखणं हट्टी आहे. चार दिवसांत जात नाही, आणि न जाण्याला अनेकदा आपणच हातभार लावतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे टाच घेऊन येणारे लोक सहसा तीन-चार महिने उशिरा येतात. तोवर एक्स-रे झालेला असतो, युरिक अ‍ॅसिड तपासून झालेलं असतं, टोचणारे काटे असलेली अ‍ॅक्युप्रेशरची चप्पल घरात आलेली असते आणि कुणीतरी 'चालणं पूर्ण बंद करा' असं सांगितलेलं असतं. एक गोष्ट मात्र सहसा कुणी केलेली नसते: टाचेला हिशेबाने काम देणं. या लेखाचा भर त्यावरच आहे.

आधी बोट नेमकं कुठे जातं ते बघा

खुर्चीत बसा आणि दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. टाचेचा तळ आणि पायाची कमान जिथे मिळतात, तिथे आतल्या बाजूला, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला, हाताच्या अंगठ्याने जोर देऊन दाबा. 'हां, हेच!' असं तोंडून निघालं की निम्मं निदान झालं. आता दुसऱ्या हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा. कमानीखाली एक ताणलेला दोर हाताला लागेल. हाच तो प्लांटर फॅशिया. बोटं ओढून धरलेली असताना तीच जागा पुन्हा दाबा. बऱ्याच जणांना आता जास्त दुखतं.

बोट दुसरीकडे जात असेल तर हा लेख तुमच्यासाठी नसेलही. टाचेच्या मागे, बुटाची कड घासते तिथे दुखत असेल तर तो पोटरीच्या शिरेचा, म्हणजे अकिलीस टेंडनचा प्रश्न असतो. टाचेच्या अगदी मधोमध ठेचल्यासारखं दुखत असेल आणि ते सकाळपेक्षा फरशीवर चालताना जास्त जाणवत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी झिजलेली असू शकते. टाच दोन्ही तळहातांत धरून दोन्ही बाजूंनी दाबली आणि जीव कळवळला, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची. पळणं नुकतंच वाढवलेलं असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर ही शंका जास्तच. मुंग्या, जळजळ, बधिरपणा असेल तर नस दबलेली असते किंवा मधुमेहाने नसांवर परिणाम झालेला असतो. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच दुखत असेल तर ते वाढत्या हाडाचं दुखणं असतं आणि त्याचे उपाय वेगळे असतात.

एक प्रकार नेहमी सुटतो, म्हणून वेगळा सांगतो. पंचविशी-तिशीतला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही टाचा दुखतात, आणि सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, हालचाल केली की मोकळी होते. अशा वेळी टाचेचे व्यायाम करत महिने घालवू नका, संधिवाततज्ज्ञांना भेटा. अँकिलोसिंग स्पाँडिलायटिस नावाचा संधिवात असा टाचेतूनही सुरू होतो, आणि तो लवकर ओळखला तर पाठीचा कणा वाचतो.

ताप, टाचेवर लाली आणि सूज, झोपेतही न थांबणारं दुखणं, कारण नसताना वजन घटणं, किंवा पळताना 'कट्' आवाज होऊन तळव्यावर निळंकाळं पडणं, यांपैकी काहीही असलं तर आजच डॉक्टर गाठा.

आत काय बिघडतं

प्लांटर फॅशिया हा टाचेच्या हाडापासून पाचही बोटांच्या मुळापर्यंत गेलेला जाड, चिवट पट्टा. पायाची कमान तो धरून ठेवतो. चालताना टाच उचलली जाते आणि बोटं मागे वळतात, तेव्हा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जाऊन ताणतो आणि कमान वर उचलतो. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो तसंच. हिक्स यांनी १९५४ साली ही रचना मांडली आणि पुढचे व्यायाम तिच्यावरच बेतलेले आहेत, म्हणून ती लक्षात ठेवा: बोटं वर केली की पट्ट्यावर ताण येतो.

पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे रोजचा भार त्याच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की धागे विसविशीत होतात, पट्टा जाड होतो. सोनोग्राफीत चार मिलिमीटरच्या वर जाडी दिसली तर निदानाला दुजोरा मिळतो. नावात 'आयटिस' असल्यामुळे आत सूज आणि दाह आहे असं सगळे धरून चालतात. पण २००३ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० जणांच्या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दाहाच्या खुणा मिळाल्या नाहीत. मिळाली ती धाग्यांची झीज. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि गोळी बंद केली की दुखणं जागेवर, याचं कारण इथे आहे. झिजलेल्या धाग्यांना पुन्हा चिवट व्हायला हळूहळू वाढणारा ताण लागतो, आणि त्याला आठवडे नाही, महिने लागतात.

रात्रभर पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा सैल पडलेला असतो. सकाळी उठून एकदम सगळं वजन टाकलं की तो झटक्यात ताणला जातो. पहिल्या पावलाची कळ ती हीच.

तुमच्या बाबतीत काय बदललं?

दुखणं सुरू होण्याआधीचा महिना-दोन महिने आठवा. जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी सापडतं. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर. मनगटावरचं घड्याळ रोज दहा हजार पावलं मागतं म्हणून रात्री साडेदहाला गॅलरीत येरझाऱ्या. नवीन घरात गुळगुळीत टणक टाइल्स आणि दिवसभर अनवाणी वावर. घरात लग्न, आठ दिवस सलग उभ्याने काम. पोलीस भरतीची मुलं हे तर ठरलेलं गिऱ्हाईक: १६०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून पहाटे डांबरी रस्त्यावर, पातळ तळाच्या बुटांत किंवा चक्क अनवाणी पळतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर चालून आल्यावरही अनेकांची टाच बोलते, पण त्यातही वर्षभर शेतात चालणाऱ्यांपेक्षा शहरातून एकदम वारीला गेलेल्यांची जास्त.

काहींचं काही नवीन बदललेलं नसतं. वर्षानुवर्षांचा भार साचलेला असतो. वर्गात उभ्याने शिकवणारे शिक्षक, एसटीचे कंडक्टर, नर्स, कापडाच्या दुकानातले सेल्समन. वाढलेलं वजन आणि आखडलेली पोटरी ही दोन कारणं अभ्यासांतही पुन्हा पुन्हा पुढे आली आहेत. पोटरी आखडली आहे का ते घरीच बघता येतं. भिंतीसमोर उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल, किंवा दोन पायांत मोठा फरक असेल, तर पोटरीवर काम करायचं आहे हे नक्की.

एक्स-रे आणि युरिक अ‍ॅसिड

'टाचेचं हाड वाढलंय' हे वाक्य ऐकून लोक हबकतात. टाचेखाली काटा रुतून बसलाय आणि प्रत्येक पावलाला तो मांसात घुसतोय, असं चित्र डोक्यात तयार होतं. प्रत्यक्षात टाचदुखी असलेल्या सुमारे निम्म्या लोकांच्या एक्स-रेत असा काटा दिसतो, आणि टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो दिसतो. दुखणं पूर्ण बरं होतं तेव्हा काटा तिथेच असतो. तेव्हा काटा काढायच्या गोष्टी मनातून काढून टाका. एक्स-रे हाडाचा तडा किंवा दुसरं काही नाही ना, हे बघायला उपयोगी. नेहमीच्या टाचदुखीत पहिल्याच भेटीत तो लागतोच असं नाही.

युरिक अ‍ॅसिडचंही तसंच. त्यामुळे होणारा गाउट बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी धरतो, एका रात्रीत लालभडक सूज येते, चादरीचा स्पर्श सोसत नाही. फक्त टाच दुखते आणि रिपोर्टमध्ये आकडा जरासा वर आहे, एवढ्यावर डाळी बंद करून आणि गोळी सुरू करून टाच थांबत नाही. थकवा, अंगदुखी असेल तर डॉक्टर ड जीवनसत्त्व तपासतील. त्यात कमतरता निघाली तर ती जरूर भरून काढा, पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका.

पायरी १: भार निम्म्यावर आणा, शून्यावर नको

पहिले दोन आठवडे चालणं, उभं राहणं यांतलं जे तुम्हाला सगळ्यात जास्त नडतं ते साधारण निम्मं करा. पाच किलोमीटर चालत असाल तर अडीच, तेही सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे तुकडे पाडून. पळणं थांबवून सायकल किंवा पोहणं धरा, म्हणजे दमही टिकतो आणि वजनही. स्वयंपाक सलग दोन तास उभ्याने करत असाल तर भाजी निवडणं, चिरणं, कणीक मळणं बसून करा.

पूर्ण आराम नको असं मी म्हणतो, कारण पंधरा दिवस पलंगावर काढून लोक बरे झाल्यासारखे उठतात, चौथ्या दिवशी मंडईत जातात आणि दुखणं दुपटीने परत येतं. मधल्या काळात पट्टा आणखी दुबळा झालेला असतो.

मोजमाप साधं ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य. काम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखायला नको. जास्त दुखलं तर काल जास्त झालं, आज कमी करा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांना हाच नियम लागू.

पायरी २: पायात काय आहे?

या पायरीवर माझा सगळ्यात जास्त वाद होतो. 'काकू, घरात चप्पल घाला.' 'घरात? अहो, स्वयंपाकघरात देवघर आहे!' मग तोडगा काढावा लागतो: घरातली जोडी वेगळी, कधीही उंबऱ्याबाहेर न गेलेली, आठवड्याला धुतलेली, आणि देवापुढे जाताना काढून ठेवायची. एवढ्यावर बहुतेक घरं तयार होतात. आजारपणापुरतं तरी हे पाळा. पलंगाखाली ती जोडी रात्रीच ठेवून द्या, म्हणजे पहाटे बाथरूमला जातानाही पाय थेट फरशीवर पडणार नाही.

चप्पल कशी हवी? टाचेखाली बोटांपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच, तळ अंगठ्यापाशी वाकेल पण मधोमध घडी होणार नाही असा, कमानीला थोडा उठाव, आणि टाच मागून धरणारा पट्टा असेल तर उत्तम. दुकानात दोन्ही टोकं धरून पिळून बघा. फडक्यासारखी पिळली गेली तर ठेवून द्या. सर्जिकलच्या दुकानात एमसीआर रबराच्या, म्हणजे बारीक पोकळ्या असलेल्या मऊ रबराच्या, चपला मिळतात. दिसायला त्या औषधासारख्याच कडू, पण टाचेला गोड लागतात. झिजलेली हवाई चप्पल, सपाट तळाची कोल्हापुरी, पातळ बेली हे सध्या बाजूला. कोल्हापुरीवर माझा राग नाही, टाच बरी झाल्यावर खुशाल घाला. टोचणाऱ्या चपलांवर मात्र आहे.

औषधाच्या दुकानातले सिलिकॉनचे टाचेचे कप दोन्ही पायांत घाला, एकाच पायात घातला तर चालणं तिरकं होतं. माप घेऊन बनवलेल्या महागड्या इनसोलवर लगेच पैसे घालू नका. तयार मिळणाऱ्या बऱ्या इनसोलपेक्षा ते सरस ठरतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही. लांब उभं राहायचा दिवस असेल, लग्न किंवा निवडणुकीची ड्यूटी, तर फिजिओथेरपिस्टकडून तळव्याला टेप लावून घ्या. तेवढ्यापुरता चांगला आधार मिळतो.

पायरी ३: पलंगावरून उतरण्याआधी

हा व्यायाम २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीतून घेतला आहे. तिथे तो नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला. पलंगाच्या कडेला बसा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. त्याच बाजूच्या हाताने पायाची पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा, कमानीत ताण जाणवेपर्यंत. दुसऱ्या हाताचा अंगठा कमानीखाली ठेवून बघा, दोर ताणलेला लागला पाहिजे. तो लागत नसेल तर तुम्ही बोटांची फक्त टोकं वाकवताय. खाली, तळव्याच्या उशीपाशी, म्हणजे बोटांमागच्या फुगीर भागापाशी पकडा. दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातलं पहिलं आवर्तन सकाळचं पहिलं पाऊल टाकण्याआधी. दुसरं लांब बसून उठण्याआधी केलंत तर दुपारची कळही कमी होते.

गुडघ्यावर पाय चढत नसेल, पोट आड येत असेल, तर एक पंचा तळव्याच्या उशीमागून घेऊन दोन्ही हातांनी ओढा. तेवढाच उपयोग.

पोटरीसाठी भिंतीला हात लावून एक पाय मागे घ्या, मागची टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ. तीस सेकंद धरा. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीस सेकंद, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि खालचा गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो. दोन-तीन वेळा, दिवसातून दोनदा. बस्स.

पायरी ४: टाच उचलणं, हळू आणि वजन घेऊन

लोकांना ताण देणं आवडतं, हे आवडत नाही, कारण यात घाम येतो. पण नेटाने केलेल्यांची टाचदुखी कमी वेळा उलटते, हा माझा अनुभव आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ साली झालेल्या चाचणीत हा व्यायाम करणारे तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांच्या पुढे होते. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारख्याच जागी पोचले, हेही सांगायला हवं. म्हणजे हा जादूचा उपाय नव्हे, पण मधले महिने तो सुसह्य करतो.

लागेल काय? जिन्याची पायरी, धरायला कठडा, आणि एक टॉवेल. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेजवळ ठेवा. तळव्याची उशी पायरीच्या कडेवर, बोटं गुंडाळीवर वर वळलेली, टाच मोकळ्या हवेत. बोटं वर वळवल्यामुळे पट्टा आधीच ताणलेला असतो आणि टाच उचलली की त्याच्यावर नेमका भार येतो. गुंडाळीशिवाय हाच व्यायाम केला तर तो मुख्यतः पोटरीचा होतो.

वर जायला तीन सेकंद, वर दोन सेकंद थांबा, खाली यायला तीन सेकंद. मनात मोजू नका, तोंडाने मोजा. मनातले आकडे फार भरभर पळतात. दिवसाआड करा, रोज नको. मधला दिवस पट्ट्याला सावरायला लागतो.

नवख्यांनी पहिला आठवडा दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवर, टॉवेल ठेवून करावा. पंधरा वेळा तीनपेक्षा जास्त न दुखता जमलं की पायरीवर जा. मग दोन पायांवर वर, एका पायावर खाली. मग एकाच पायावर. साठीच्या पुढच्यांनी किंवा ज्यांचं वजन बरंच जास्त आहे त्यांनी दोन पायांवरच दोन महिने राहिलं तरी काही बिघडत नाही.

एका पायावर जमायला लागलं की मूळ चाचणीतला क्रम धरता येतो: बारा-बाराचे तीन संच; दोन आठवड्यांनी वजन वाढवून दहा-दहाचे चार; आणखी दोन आठवड्यांनी आठ-आठचे पाच. वजन एवढं हवं की शेवटची एक-दोन कष्टाने निघाली पाहिजेत. जिमला जायची गरज नाही. पोराची शाळेची जुनी सॅक पाठीवर घ्या आणि तिच्यात एकेक किलोची डाळ-साखरेची पाकिटं टाकत जा. वजन छापूनच आलेलं असतं.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फरक कळत नाही, कधी किंचित जास्तही दुखतं. दुसऱ्या सकाळचा नियम मोडला नाही तर चालू ठेवा. बहुतेक लोक नेमके याच टप्प्यावर सोडून देतात.

शेक, बर्फ, रुईचं पान

हे सगळे उपाय दुखणं विसरायला लावणारे आहेत, आणि तेवढ्यासाठी ते ठीक. पाण्याची छोटी बाटली गोठवून तळव्याखाली सात-आठ मिनिटं फिरवली की संध्याकाळची ठसठस कमी होते. गोठवलेली नको असेल तर लाटणं किंवा रबरी चेंडू. दुखऱ्या बिंदूवर जीव खाऊन दाबू नका, कमानीवरून फिरवा.

तापवलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून टाच शेकायची हा अनेक घरांतला उपाय. शेकाने बरं वाटतं, त्यात वाद नाही. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि विटेची उष्णता मोजता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी वीट, बर्फ, गरम पाण्याची पिशवी यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने करू नये. पाय बधिर असेल तर भाजल्याचं कळतच नाही, आणि टाचेचं साधं दुखणं महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमेवर जातं.

वेदनाशामक गोळ्या चार-पाच दिवसांपुरत्या, तेही डॉक्टरांना विचारून. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर असणाऱ्यांनी मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नयेत. चोळायचं डायक्लोफेनॅक जेल त्या मानाने निर्धोक, फक्त टाचेच्या जाड कातडीतून ते आत किती जातं याबद्दल फार आशा नको.

इंजेक्शन घ्यावं का?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं लवकर थांबतं, पण ते थांबणं सहसा काही आठवड्यांचं असतं. तोटे असे की पट्टा फाटण्याची शक्यता वाढते आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते. ती परत येत नाही. परीक्षा, लग्न, कामाचा मोसम अशी खरीच अडचण असेल तर एकदा, शक्यतो सोनोग्राफीत बघून घेतलेलं, मला समजू शकतं. दर दोन महिन्यांनी टोचून घेणारे लोकही मी पाहतो. त्यांना मी एकच विचारतो: मधल्या काळात व्यायाम किती केला? इंजेक्शननंतर दुखत नाही म्हणून त्याच आठवड्यात पळायला जाणं तर फारच वाईट.

तीन ते सहा महिने वरचं सगळं मनापासून करूनही हलत नसेल तर शॉकवेव्ह थेरपीचा विचार करा. यंत्राने टाचेवर दाबाच्या लहरी सोडतात. साधारण आठवड्याला एक अशी तीन ते पाच सत्रं होतात, त्या वेळी दुखतं, काहींना चांगला गुण येतो. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा स्प्लिंटही सकाळच्या कळीला उपयोगी पडतो. तो घालून झोप लागत नाही ही एकच तक्रार, पण ती मोठी. रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन महाग आहे आणि त्याचे निष्कर्ष संमिश्र आहेत. शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते.

मुदत किती धरायची, आणि परत पळायचं कधी

दहातले आठ-नऊ जण शस्त्रक्रियेशिवाय वर्षाच्या आत बरे होतात. सकाळची कळ आधी सौम्य होते, मग तिची मिनिटं कमी होतात, मग एखादा दिवस तिची आठवणच येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. असं पुढे-मागे होणारच. दिवसाची तुलना आदल्या दिवसाशी करत बसलात तर वैताग येईल, महिन्याची आदल्या महिन्याशी करा. कॅलेंडरच्या चौकोनात सकाळचा आकडा लिहून ठेवलात तर भांडायला पुरावा मिळतो, स्वतःशीही आणि फिजिओथेरपिस्टशीही.

वजन जास्त असेल तर तीन-चार किलो उतरल्यावरही टाचेला फरक जाणवतो. पण दुखऱ्या टाचेने चालून वजन उतरवायला जाऊ नका, ताटापासून सुरुवात करा.

सकाळची कळ सलग दोन आठवडे एक-दोनच्या वर गेली नाही आणि एका पायावर वीस वेळा टाच उचलता आली, की पळणाऱ्यांनी परत मैदानात जावं. मातीच्या मैदानावर, डांबरावर नव्हे. एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, दिवसाआड. दुसऱ्या सकाळी टाच गप्प राहिली तर पुढच्या आठवड्यात पळण्याचं मिनिट एकाने वाढवा. भरतीची तारीख जवळ आली म्हणून मधले आठवडे गाळू नका. आणि टॉवेलवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच ठेवा, न दुखणाऱ्या पायावरसुद्धा, कारण हे दुखणं दोन्ही टाचांना होणारे लोक बरेच असतात.